लेक एकटी शिबिराला निघते तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मे महिन्यात तिला सहा दिवसांच्या शिबिरासाठी पाचगणीला जायचंय, हौसही तिचीच. पण आजवर आजीला सोडून झोपलेली नाही, शिवाय बस लागते. ‘रडू आलं तर लगेच न्यायला येईन’ असं मी सांगून ठेवलंय. आणखी काय तयारी करू?
— एक आई, मुलुंड

उत्तर : आधी ते आश्वासन मागे घ्या. ‘तुला जमणार नाही असं आईलाही वाटतंय’, एवढंच त्यातून मुलीला कळतं. मग जरा आठवण आली की ती तुमची वाट बघत बसते. त्यापेक्षा खरं सांगा : आठवण येईल, रात्री जास्त येईल, आली की शिबिरातल्या ताईंना सांगायचं.

सराव महिनाभर आधी सुरू करा. पहिला आठवडा त्याच खोलीत, पण आजीपासून वेगळ्या गादीवर. मग मावशीकडे एक रात्र, पुढच्या शनिवार-रविवारी सलग दोन. दुसरी रात्र चुकवू नका. पहिली नवलाईवर निभावते, खरी परीक्षा दुसरीची. या सरावात रात्री फोन करू नका. झोपायच्या वेळी आईचा आवाज ऐकला की धीर येण्याऐवजी रडूच फुटतं. शिबिरात फोनची सोय असलीच तर दुपारची वेळ मागून घ्या. लोकलच्या खडखडाटात झोपणाऱ्या मुंबईच्या मुलांना शांतता आणि मिट्ट काळोखही खुपतो, म्हणून टॉर्च द्या.

बॅग तिनंच भरायची. तुम्ही भरलीत तर तिला टॉवेलही सापडणार नाही. एका दिवसाचे कपडे एका पिशवीत, ओल्यांसाठी दोन प्लास्टिकच्या पिशव्या, रात्रीच्या गारव्यासाठी एक स्वेटर. नवे बूट घेतलेच तर दोन आठवडे आधी वापरायला काढा, नाहीतर पहिल्याच चढावर टाचेला फोड येतील. केस लांब असतील तर वेणी स्वतः घालता आली पाहिजे. नसेल जमत तर सरळ कापून टाका. बादलीतल्या पाण्यानं अंघोळ आणि भारतीय पद्धतीचा संडास याचीही सवय हवी. या कारणावरून दोन-दोन दिवस पोट दाबून बसणारी मुलं असतात.

वाटेत बोरघाट आणि वाईनंतर पसरणीचा घाट लागतो. बस लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. गोळीनं गुंगी येते का, हे आधी एखाद्या छोट्या प्रवासात बघून ठेवा. उपाशी पाठवू नका, दूधही नको. दोन इडल्या पुरेत. पुढची सीट, नजर लांब रस्त्यावर. पुस्तक किंवा मोबाइलवर डोळे स्थिर राहतात, कानाला मात्र वळणं जाणवतात, आणि त्या ओढाताणीतच मळमळतं.

औषधं तिच्या बॅगेत ठेवू नका, मात्रेच्या चिठ्ठीसकट संयोजकांच्या हाती द्या. ॲलर्जी लिहून द्या. कधीमधी अंथरूण ओलं होत असेल तर तेही ताईंना एकांतात सांगा, म्हणजे स्वतः झोपण्याआधी त्या तिला आठवणीनं उठवतील. आणि बसपाशी निरोप दोन मिनिटांत उरका.

प्रश्न : अकरा वर्षांचा नातू काकांबरोबर कोकणात चाललाय. मोबाइल द्यावा का?
— एक आजोबा, गिरगाव

उत्तर : नको. आईचा आणि काकांचा नंबर तोंडपाठ करून घ्या, 112 (तातडीची मदत) आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) हेही. पाठ झालेत का, ते दुसऱ्याच्या फोनवरून लावायला सांगून बघा (अर्थात 112 आणि 1098 सोडून). विहीर आणि समुद्राबद्दल मात्र नातवाशी नाही, काकांशी बोला : मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय दोन्हीकडे जाणं बंद.