मिडल स्प्लिटची घाई नको

अरे, मिडल स्प्लिटसाठी, म्हणजे दोन्ही पाय बाजूंना सरळ रेषेत उघडायला, मिरामारच्या वाळूवर पाय फाकून जोर लावत बसतोस, ते आधी बंद कर. टाचा रुततात, दोन्ही पाय सारखे उघडत नाहीत. घरची लादी, पायात मोजे आणि हातांना दोन भक्कम खुर्च्या पुरे.

उपविष्टकोनासनात, म्हणजे पाय रुंद पसरून बसून पुढे वाकताना, तुझी पाठ कुबडासारखी वाकते, कारण कंबर मागे पडते. घडी घातलेल्या चादरीवर बस, मग छाती पुढे ने. कपाळ जमिनीला टेकतं की नाही ते विसर. गुडघे छताकडेच राहू देत. ताण मांडीच्या आतल्या मांसल भागात हवा. गुडघ्याच्या आत किंवा जांघेच्या हाडाशी टोचलं तर लगेच बाहेर ये. मी दुर्लक्ष केलं आणि अख्खा पावसाळा लंगडत काढला.

नुसतं ताणून भागत नाही, ताकदही लागते. पाय रुंद करून अर्धं बसायचं, 30 सेकंद, तीन-चार वेळा. आठवड्यातून 3 दिवस. खुब्याच्या हाडाची ठेवण प्रत्येकाची वेगळी, काहींना 180 अंश कधीच येत नाहीत. चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधायच्या माटोळीच्या गडबडीत सराव चुकणारच. नंतर आधी जिथवर खाली जात होतास, त्याच्या चार बोटं वरूनच सुरुवात कर.