एकाच साच्यातले विनोद देशोदेशी सारखे कसे?

तुमचा प्रश्न असा: एखाद्या समाजाला मूर्ख ठरवणारे साचेबंद विनोद देशोदेशी इतके सारखे का, आणि ग्रुपमध्ये त्या समाजाची एकच मुलगी असताना त्यांना हरकत घेणं अति होईल का?

सारखे असतात, कारण त्यांत त्या समाजाबद्दल काही नसतंच. अमेरिकेतला जुना विनोद घ्या. एक बल्ब बदलायला किती पोलिश लोक लागतात? पाच. एकाने टेबलावर उभं राहून बल्ब धरायचा, चौघांनी टेबल गोल फिरवायचं. इथे पोलिश काढून कुणाचंही नाव घाला, काही बिघडत नाही. आता हा बघा: किती मानसोपचारतज्ज्ञ लागतात? एकच, पण बदलायची इच्छा बल्बला मनापासून हवी. इथे नाव बदललं की विनोद मेला, कारण तो त्या पेशाचं बोलणं नीट ऐकून केलेला आहे. दुसऱ्या प्रकारचे विनोद मला मनापासून आवडतात.

मग पहिल्या प्रकारात नाव कुणाचं येतं? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी देशोदेशीचे असे विनोद गोळा करून १९९० साली त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. फ्रेंच लोक बेल्जियनांवर, इंग्रज आयरिशांवर, ब्राझीलचे लोक पोर्तुगीजांवर, जर्मन आपल्याच देशातल्या पूर्व फ्रिसिया भागातल्या लोकांवर हसतात. यात कट्टर वैरी सहसा नसतो. बहुतेकदा असतो तो आपल्यासारखाच, पण काठावरचा: दूरच्या मुलखातला, वेगळ्या हेलात बोलणारा किंवा बाहेरून येऊन कष्टाची कामं करणारा. म्हणजे विनोद सांगणारा स्वतःला मध्यभागी कुठे उभा समजतो, एवढंच त्यातून कळतं. डेव्हिस यांचं हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं.

कंजूषपणाचे विनोदही असेच देशोदेशी आहेत, स्कॉटिश लोकांवर वगैरे. त्यात बल्गेरियातलं गाब्रोवो वेगळं. हिवाळ्यात मांजर आत आल्यावर दार लवकर लावता यावं, उष्णता वाया जाऊ नये, म्हणून गाब्रोवोकर मांजराची शेपटी कापतात, असा विनोद आहे. त्या गावाने हे विनोद स्वतःच मिरवले आणि १ एप्रिल १९७२ ला विनोदाचं संग्रहालयच उघडलं.

राहिला हरकतीचा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ टॉमस फोर्ड यांच्या संशोधनातून दिसतं ते असं, की हिणवणारा विनोद ऐकून कुणी एकदम द्वेष करू लागत नाही. पण ज्याच्या मनात आधीच आकस आहे, त्याला तसं वागायला मोकळीक मिळाल्यासारखी होते. तुमच्या ग्रुपमधल्या त्या मुलीला गाब्रोवोकरांसारखी निवड मिळालेली नाही. ती हसली नाही, तर तिलाच विनोद कळत नाही असं म्हणतील. म्हणून हरकत जरूर घ्या. फक्त तिचं नाव मध्ये न आणता, स्वतःच्या नावावर घ्या.