एका दिवशी एकच दालन

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. आठ दिवसांत लंडनमधली एक्केचाळीस ठिकाणं, सगळी फुकट, प्रत्येकापुढे वेळ, बसचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात ‘वाचलेले पौंड’. खाली तुझा प्रश्न: ‘मावशी, एवढं करूनही खरं लंडन पाहिल्यासारखं वाटेल का, की पैसे साठवून पुढच्या वर्षीच जाऊ?’

पुढच्या वर्षी नको, आत्ताच जा. पण ही यादी घेऊन जाऊ नकोस. एका दिवशी एकच दालन बघ. संग्रहालय नव्हे, दालन.

तू हिशेबी आहेस म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगते. तीस-पस्तीस पौंडांचं तिकीट काढलं की माणूस वसुलीला लागतो. पाय दुखत असले तरी शेवटच्या खोलीपर्यंत स्वतःला ओढत नेतो, कारण पैसे भरलेत. जिथे तिकीट नाही तिथे वसूल काहीच करायचं नसतं. वीस मिनिटांत बाहेर पडलास तरी तुझं काही बुडत नाही, उद्या पुन्हा जाता येतं. फुकट प्रवेशाचा खरा फायदा हा आहे आणि तू नेमका तोच फेकून देतोयस. वाचलेल्या पैशांचीसुद्धा वसुली करायला निघालायस! सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी नॅशनल गॅलरी, चारला टेट मॉडर्न. संध्याकाळी तुझ्याकडे फोटो असतील आणि पायांना फोड.

ट्रॅफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीत जाशील तेव्हा एक गोष्ट माहीत असू दे. दुसऱ्या महायुद्धात तिथली चित्रं बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने वेल्समध्ये हलवली होती, पुढे ती तिथल्या एका पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली. भिंती रिकाम्या. 1942 मध्ये एका वाचकाने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून मागणी केली की गॅलरीने नव्याने घेतलेलं, रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराचं चित्र तरी लोकांना पाहू द्या. ते लावलं गेलं. मग दर महिन्याला खाणीतून एक चित्र आणून लावायचं ठरलं. महिनाभर एकच चित्र, आणि त्या एका चित्रासाठी लोक त्या पडझड झालेल्या शहरातून चालत यायचे. त्यांना कमी मिळालं असं तुला वाटतं? मला तर वाटतं, चित्र कसं बघावं हे त्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त कळलं असेल.

तुझ्यासाठी मी तिथलं रेम्ब्रांटचं त्रेसष्टाव्या वर्षीचं आत्मचित्र निवडलंय. 1669 चं, त्याच वर्षी तो गेला. कुठल्या दालनात लावलंय ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचार, आनंदाने सांगतात. समोर बाक असला तर बस. त्याने हात एकमेकांत गुंफलेत. क्ष-किरण तपासणीत दिसलं, की आधी त्याने हातात कुंचला रंगवला होता आणि नंतर तो पुसून टाकला. का पुसला असेल? यावर अर्धा तास जायला हरकत नाही. त्याचं चौतिसाव्या वर्षीचं, मखमल आणि फर घातलेलं ऐटबाज आत्मचित्रही याच गॅलरीचं आहे. ते दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी नाही, मी सांगून ठेवते.

हा माझा हट्ट म्हातारपणी सुचलेला नाही. मी रात्रपाळीची नर्स होते. सकाळी ड्युटी संपली की घरी जाऊन झोपण्याआधी तासभर कुठेतरी बसायचं असायचं, आणि लंडनमध्ये पैसे न देता, ऊब असलेल्या जागी, कुणी ‘काय हवंय’ असं न विचारता बसायचं तर संग्रहालय. तासभरात एकच खोली होते. तेवढीच बघायची मला सवय लागली आणि त्या सवयीने मला त्या शहरात टिकवलं.

आई आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी तेव्हाही फुकटच होत्या, पण काही मोठ्या संग्रहालयांनी तिकीट लावलं होतं. ते सगळ्यांसाठी उठलं डिसेंबर 2001 मध्ये. तिला जुन्या कापडांची फार हौस. अशाच एका संग्रहालयाच्या दारात तिने तिकिटाचा फलक पाहिला, पौंडाचे रुपये केले आणि ‘मी इथेच बसते, तू ये जाऊन’ म्हणाली. मी हातापाया पडले, पैसे आहेत म्हटलं. ऐकलं नाही. आम्ही दोघी बाहेरच्या पायऱ्यांवर बसून पोळी-भाजी खाल्ली आणि परतलो. तिकीट उठलं तेव्हा ती नव्हती. म्हणून ‘फुकटचं म्हणजे दुय्यम’ असं तुझ्या पत्रातून डोकावलं ना, तेव्हा मला राग आला. ती दारं उघडी आहेत ती कुणीतरी उघडी ठेवली म्हणून, आणि बंदही होऊ शकतात हे मी पाहिलंय.

ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटा शिळेभोवतीच्या गर्दीत शिरू नकोस. 33अ क्रमांकाच्या दालनात जा. तिथे आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पं आहेत. त्यातली एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूला बोधिवृक्ष आणि त्याखाली रिकामं आसन, कारण तेव्हा बुद्ध मानवी रूपात दाखवत नसत. काही शतकांनी तीच शिळा उलटी करून मागे अख्खा स्तूप कोरला. दोन्ही बाजू नीट बघ. ही शिल्पं तिथे का आहेत, असा प्रश्न पडेल. पडू दे, तो घेऊनच उभा राहा.

बाहेर पडताना मोठ्या चौकाच्या मधोमध गोल इमारत दिसेल. ते जुनं वाचनालय. बाबासाहेब पोटाला चिमटा काढून तिथे सकाळपासून बंद होण्याच्या वेळेपर्यंत वाचत बसायचे, हे तू शाळेत वाचलंयस. 1921-22 मध्ये ते राहायचे ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. तिथे जाशील तो दिवस त्याच घराला दे. नंतर फार तर जवळच्या प्रिमरोझ हिलवर चढ, वरून शहर दिसतं. त्यालाही पैसे पडत नाहीत.

बाकी यादीतलं भराभर सांगते. स्काय गार्डन, म्हणजे उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग, फुकट आहे पण आधी नोंदणी लागते; मिळाली तर जा, नाही मिळाली तर हळहळू नकोस. राजवाड्यासमोरचा पहारा बदलण्याचा सोहळा खोड, गर्दीत लोकांची डोकी दिसतात. वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चचं तिकीट महाग आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं. पर्यटक म्हणून जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, शांत बसून प्रार्थनेचं गाणं ऐकायचं. बसने फीर: पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच लागतं. डबा बांधून घे आणि पाऊस असला तर नदीकाठच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या मोकळ्या दालनात बस. तिथे काही विकत घेतलं नाही म्हणून कुणी उठवत नाही.

आमच्या नातेवाइकांत माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्या आईने सांगितलं असेलच. लंडनला हिच्याकडे उतरलो आणि हिने एक चित्र दाखवून परत आणलं, चिकट बाई. बोलू देत. ज्यांना मी एक चित्र दाखवलं त्यांना ते आजही आठवतं, मी विचारून पाहिलंय. ज्यांनी चार दिवसांची तिकिटं काढली होती त्यांना ‘लंडन आय’च्या मोठ्या चक्रात बसल्याचं आठवतं आणि रांग आठवते. मी पाहुण्यांवर पैसे वाचवले नाहीत. त्यांना घाईतून बाहेर काढत होते. त्यांना राग आला तरी मी पुन्हा तसंच करीन.

तर आठ दिवस, आठ दालनं. उरलेली तेहेतीस ठिकाणं यादीतून काढ आणि तो ‘वाचलेले पौंड’चा रकाना आधी काढ. शुक्रवारी नॅशनल गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते, त्रेसष्ट वर्षांच्या रेम्ब्रांटसाठी तोच दिवस धर. बाकी सात दालनं तू निवड आणि निघण्याआधी मला कळव. आठाच्या वर एकही नाव दिसलं तर मी फोन करणार आहे.

तुझी,
मावशी