आगोटीची पेटी

(वाचकांच्या घरगुती आणि आरोग्याच्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देतात सरकारी आरोग्य केंद्रांत ३१ वर्षं परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर.)

प्रश्न: सिस्टर, आम्ही ताळगावात चौथ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ७४, मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. पावसाळ्याआधी मी टॉर्च, पाण्याचे कॅन, जास्तीची औषधं अशी यादी केली. नवरा म्हणाला, “आपल्या दारात कुठे नदी आहे?” सासूबाई म्हणाल्या, “भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये.” मी यादी फाडून टाकली. माझं चुकलं का? — एक सून, ताळगाव

उत्तर: यादी फाडली तेवढं चुकलं. ती पुन्हा लिहा.

दारात नदी नाही, खरं आहे. पण तुमच्या नळाला पाणी कुठून येतं, ते यजमानांना विचारा. ते येतं खांडेपार नदीवरच्या ओपाच्या पाणीप्रकल्पातून. २०१९ च्या १५ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, ओपाची मोठी जलवाहिनी कुर्टी-खांडेपारला फुटली आणि पणजीसकट तिसवाडी तालुक्याचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. माझी धाकटी बहीण तेव्हा पणजीजवळच्या सांताक्रूझला राहायची. भर श्रावणात ती गच्चीच्या पागोळीखाली बादल्या लावून बसलेली. पिण्याचं पाणी टँकरचं, तेही रांगेत उभं राहून. तिच्याही दारात नदी नव्हती.

फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती आपल्या लक्षात येत नाही. वीज गेली की पंप बंद. पंप बंद म्हणजे वरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी, आणि सगळा मजला बादल्या भरायला लागला की ती टाकी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. लिफ्टही बंद. म्हणजे चौथ्या मजल्यावर ७४ वर्षांच्या बाईंसाठी वीज जाणं, पाणी जाणं आणि वाट बंद होणं ही तीन संकटं वेगळी नाहीत, एकच आहे.

माझ्या घरची गोष्ट सांगते. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तो दिवस. कोविडची दुसरी लाट भरात होती, कर्फ्यू लागलेला, आणि मी आठवडाभर केंद्रात जादा पाळ्या करून आलेली. बार्देशातलं आमचं घर जुनं, कौलारू. सकाळीच समोरचा फणस विजेच्या तारा घेऊन आडवा झाला. माझ्या सासूबाई तेव्हा ८१ वर्षांच्या, त्यांनाही इन्सुलिन. फ्रीजमध्ये दोन न फोडलेल्या बाटल्या. दुपारी फ्रीज उघडला तर आतला बर्फ पाण्यात उतरलेला. टॉर्च काढली, तर सेल पाझरून आत हिरवट पूड साचलेली. डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये, आणि मोबाइल संध्याकाळी मेला. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटात शेवटच्या दोन. औषधाचं दुकान तिसऱ्या दिवशी अर्धं शटर वर करून उघडलं, तेव्हा तिथे ऑनलाइन पैसे चालत नव्हते आणि माझ्या पाकिटात शंभराची एक नोट. वीज आली मंगळवारी रात्री.

मी परिचारिका. गावोगाव जाऊन मी बायकांना हेच सांगायची, आणि माझ्याच घरात सेल बदललेले नव्हते. त्या तीन रात्री मला अजून आठवतात. सासूबाईंनीच शेवटी वाट काढली. मागच्या पडवीत मातीचा माठ होता, त्याच्या भोवती ओली वाळू, आत स्टीलच्या कोरड्या डब्यात बाटल्या. फ्रीजइतकं गार राहत नाही, पण उकाड्यापासून औषध वाचतं. इन्सुलिनच्या बहुतेक प्रकारांची फोडलेली, वापरातली बाटली घरातल्या सावलीत साधारण चार आठवडे चालते. न फोडलेली मात्र थंडच हवी. तुमच्या सासूबाईंच्या प्रकाराचं नेमकं काय, ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून डब्यावर लिहून ठेवा.

मंगळवारी संध्याकाळी तारा जोडायला पोरं आली. चिखलाने माखलेली, डोळे लाल. “कधीपासून फिरताय?” विचारलं, तर एक म्हणाला, “रविवार सकाळपासून, बाई.” त्यांना मी चहाच देऊ शकले. राज्यभर झाडं पडलेली, खांब मोडलेले. आधी इस्पितळं, मग पाण्याचे पंप, मग मुख्य वाहिन्या, आणि मग आमची वाडी. यात चूक कोणाचीच नाही. एकाच वेळी सगळ्यांवर वेळ येते तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ज्याचे त्याला काढावे लागतात. आणि त्या दिवसांत जिवाशी खेळ होतो तो म्हाताऱ्यांचा, लहान मुलांचा, गर्भारणीचा, ज्याची गोळी चुकून चालत नाही त्याचा. तुमच्या घरात अशी दोन माणसं आहेत. म्हणून म्हणते, यादी पुन्हा लिहा.

आता सासूबाईंबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना विचारा, “आई, तुमच्या माहेरी आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, काय काय भरायचे?” बघा कशा बोलायला लागतील. मिरगाच्या आत सोलं, चिंच, मिरच्या, खारातल्या कैऱ्या, फणसाच्या आठळ्या, उकडे तांदूळ, माळ्यावर सुकी लाकडं, शाकारलेलं छप्पर. आपले ख्रिस्ती शेजारी त्याला पुरुमेंत म्हणतात. मडगावचं पुरुमेंताचं फेस्त तर त्या खरेदीसाठीच ओळखलं जातं. चार महिने वाट बंद होणार हे गृहीत धरूनच गोव्यातली घरं चालत होती. त्याला कोणी अभद्र म्हटलं नाही, उलट ज्या घरात आगोट भरलेली नसे त्या घराला लोक नावं ठेवत. तुमच्या डब्याला ‘आगोटीची पेटी’ म्हणा. आमच्याकडे तेच नाव आहे, आणि ती भरायला सासूबाई शेवटपर्यंत स्वतः बसत.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. पिण्याला आणि रांधायला माणशी रोज तीन लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, म्हणजे ३६ लिटर. वीस लिटरचे दोन कॅन झाले. रेड अलर्ट आला की बाथरूममधल्या बादल्या, टब, पातेली भरून टाका, ते वापरायला. खायला पोहे, कुरमुरे, गूळ, शेंगदाणे, खजूर. मधुमेहाच्या माणसाची साखर एकदम उतरली तर हाताशी गूळ हवाच. औषधं संपायच्या आदल्या दिवशी आणायची सवय मोडा, दोन आठवड्यांची नेहमी पुढे ठेवा. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून दोन हजार रुपये. सेलवर चालणारा लहान रेडिओ असेल तर उत्तम, कारण मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासच टिकते आणि आकाशवाणी पणजी ऐकायला नेटवर्क लागत नाही. फोन नंबर कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा: ११२, रुग्णवाहिकेचा १०८, विजेचा १९१२, गॅसगळतीचा १९०६, तुमचे डॉक्टर, आणि तळमजल्यावरचं एक घर.

ते तळमजल्यावरचं घर मी मुद्दाम लिहिलं. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी सासूबाईंना लिफ्ट चालू असतानाच खाली आणून तिथे बसवता येईल, एवढी ओळख आजपासून करा. आणि कोणी बाल्कनीत जनरेटर लावला तर बंद करायला लावा, त्याचा धूर घरात शिरून माणसं झोपेत जातात.

प्रश्न: आम्ही साखळीत वाळवंटी नदीपासून जवळच राहतो, दोघंही सत्तरी ओलांडलेली. मुलगा दुबईला. पाणी चढू लागलं की घर कधी सोडायचं हेच समजत नाही. दर वेळी वाटतं, उतरेल. शिवाय पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी कधी प्यावं? — एक निवृत्त शिक्षक, साखळी

उत्तर: सर, पाणी चढत असताना हा निर्णय घेऊ नका, तो आजच घेऊन ठेवा. अंगणाच्या पायऱ्यांपैकी एकीवर लाल रंगाची रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की निघायचं, “उतरेल” हा शब्द त्या दिवशी घरात काढायचा नाही. अंजुणे धरणाचं पाणी सोडलं आणि वरून पाऊस लागून राहिला की वाळवंटी किती वेगाने फुगते हे साखळीकरांना मी काय सांगणार. दिवस मावळायला आला असेल तर रेघेचीही वाट बघू नका, उजेडात निघा.

निघताना मेन स्विच पाडा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, गोठ्यातली दावी सोडा. कुत्रा असेल तर त्याची साखळी काढा. परत आल्यावर भिंती सुकून वायरमनने बघेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. कपाटाखाली, चुलीत, चपलांत आधी काठी फिरवा. पुराबरोबर सापही आसरा शोधत घरात येतात.

कागदांसाठी एक गोष्ट सांगते. २३ जुलै २०२१ ला म्हादई चढली. १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. दोन दिवसांनी आम्ही सत्तरीत नदीकाठच्या एका गावात औषधं घेऊन गेलो. मातीच्या दोन भिंती बसलेलं घर, आणि पुढे माडाला बांधलेल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी कागद वाळत घातलेले. रेशनकार्ड, पासबुक, मुलीचं दहावीचं प्रमाणपत्र, जमिनीचा एक-चौदाचा उतारा. उताऱ्यावरची शाई पसरून निळा डाग झालेला, नाव कुठलं आणि सर्व्हे नंबर कुठला काही कळेना. घरची बाई त्या एका कागदाकडे बघत उभी होती. आम्ही तिला तापाच्या गोळ्या देत होतो, ती म्हणाली, “बाई, घर माझं आहे हे आता मी कशाने दाखवू?” नक्कल मिळते, पण नुकसानभरपाईचा अर्ज भरायच्या दिवसांत नकलेसाठी खेपा घालणं काय असतं, ते त्या घराला विचारावं. झिपची जाड प्लास्टिक पिशवी वीस-तीस रुपयांना मिळते. एक-चौदा, आधार, पासबुक, दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड, डॉक्टरांचा शेवटचा कागद, सगळं तीत घालून दाराजवळ उंच खुंटीला टांगा. फोटो काढून मुलाला दुबईला पाठवून द्या, म्हणजे एक प्रत पुराच्या पलीकडे राहील.

विहिरीबद्दल: पुराचं पाणी आत गेलं असेल तर आधी उपसा. मग ब्लीचिंग पावडर, चांगल्या प्रतीची, हजार लिटरला अडीच ग्रॅम. तुमची विहीर दोन मीटर व्यासाची आणि पाणी तीन मीटर असेल, तर साधारण ९,४०० लिटर होतात, म्हणजे २५ ग्रॅमच्या आतबाहेर. गढूळ पाण्याला जास्त लागते, ते प्रमाण आरोग्य केंद्राच्या माणसाला बघून ठरवू द्या. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, पाणी घाला, दहा मिनिटं चुना तळाला बसू द्या. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. तळाचा चुना आत गेला तर पाणी जड होतं. हे संध्याकाळी करा, पाणी सकाळी काढा, आणि पहिले काही दिवस उकळूनच प्या.

पुराच्या पाण्यातून उघड्या पायाने चाललात आणि दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर घरगुती काढा घेत बसू नका. केंद्रात जा आणि “मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो” हे स्वतः सांगा. लेप्टोचा ताप त्या एका वाक्यावरून लवकर पकडता येतो.

प्रश्न: बाई, मी चार घरची कामं करते, भाड्याच्या खोलीत राहते, दोन मुली. तुम्ही सांगता ते सामान आम्ही कशातून आणायचं? — म्हापसा

उत्तर: काहीच विकत आणू नका. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या ज्या घरात कामाला जाता तिथून मागून घ्या, धुऊन पाण्याने भरा, दर पंधरवड्याला बदला. तांदूळ शिजवायला काढताना त्यातली मूठ एका डब्यात टाका. महिन्याभरात दोन-तीन दिवसांच्या पेजेपुरते साठतात, मग जुने वापरून नवे भरा. कागदांची पिशवी वर सांगितली तशी, दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्या एकात एक घातल्या तरी चालेल. खोलीचा मेन स्विच कुठे आहे आणि कसा पाडायचा, हे घरमालकाला सांगून दोघी मुलींना दाखवून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कामावर असताना काही झालं तर मुलींनी कुठल्या घरी जाऊन थांबायचं ते ठरवा, आणि त्या घरालाही सांगून ठेवा. आज रात्री जेवताना धाकटीला तुमचा मोबाइल नंबर विचारा. दहाच्या दहा आकडे तोंडपाठ यायला हवेत. नाही आले तर उद्या पुन्हा विचारा.