आठ कोअर असूनही फोन घुटमळतो कसा?

प्रश्न : माझा फोन आठ कोअरचा, २.३ गिगाहर्ट्झचा. वहिनींच्या फोनातही आठच कोअर, पण वेग २ गिगाहर्ट्झ. तरी त्यांचं व्हॉट्सअॅप पटकन उघडतं आणि माझं घुटमळतं. दुकानदाराने फसवलं का?

उत्तर : फसवलं असं नाही, त्याने खोक्यावरचं वाचून दाखवलं. तुम्ही कळवलेल्या मॉडेलांवरून तुमच्या फोनात हेलिओ जी३५ ही चिप (म्हणजे प्रोसेसर, फोनचा मेंदू) आहे आणि वहिनींच्या फोनात हेलिओ जी८५. कोअर म्हणजे चिपमधला काम करणारा एकेक गडी. जी३५ मधले आठही कोअर कॉर्टेक्स-ए५३ जातीचे. हे डिझाइन एआरएम या चिपचे आराखडे बनवणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलं, तेही मुख्यतः वीज वाचवणारा लहान कोअर म्हणून. जी८५ मध्ये सहा लहान कोअर आणि जोडीला दोन दांडगे, ए७५ जातीचे. गिगाहर्ट्झवरून पावलं किती भराभर पडतात ते कळतं, पाऊल केवढं लांब ते नाही. ए७५ चं पाऊल बरंच लांब.

शिवाय अॅप उघडताना बरंचसं काम एकाच कोअरवर, एकापाठोपाठ एक चालतं. सुईत दोरा ओवायला आठ जण बसवून काय उपयोग? म्हणून चौकशी करायची ती दांडगे कोअर किती आणि कोणत्या जातीचे याची. ‘ऑक्टाकोअर’ (म्हणजे आठ कोअर) हा शब्द मी तर हल्ली वाचतही नाही.

प्रश्न : मी गेम अजिबात खेळत नाही. मग चांगल्या ग्राफिक्ससाठी जादा पैसे का मोजायचे?

उत्तर : मोजू नका. बातम्या सरकवताना पडदा रंगवायचं काम जीपीयूच (चिपमधला ग्राफिक्सचा भाग) करतो हे खरं, पण तेवढं काम साध्या फोनच्या जीपीयूलाही सहसा जड जात नाही. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एक चित्र तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर जेमतेम ८.३. सरकवताना हिसका बसतो तेव्हा बहुतेक वेळा सीपीयूने (वर सांगितलेल्या कोअरांनी) मजकूर वेळेत मांडून दिलेला नसतो आणि जीपीयू बिचारा वाट पाहत बसलेला असतो.

घरात कोणी गेम खेळणारं असेल तर मात्र पडद्याचं रिझोल्यूशन बघा. ७२० बाय १६०० च्या पडद्यावर साडेअकरा लाख ठिपके, १०८० बाय २४०० वर जवळपास २६ लाख. गेम त्याच रिझोल्यूशनवर चालवला तर रंगवायचं काम सव्वादोन पट. बेताच्या जीपीयूला कमी ठिपक्यांचा पडदाच सोयीचा.

प्रश्न : नागपुरात डिलिव्हरीचं काम करतो. दुपारी बाइकवर मॅप सुरू असला की फोन तापतो आणि मॅप अडकत अडकत चालतो. चिप खराब झाली का?

उत्तर : चिप स्वतःला वाचवते आहे. ठरावीक तापमानापुढे ती आपला वेग आपणच उतरवते. तुमच्याकडे सगळंच एकदम जुळून येतं : मे महिन्याचं ऊन, पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस, मोबाइल डेटा आणि वर बाइकचा चार्जर. त्यातला चार्जर तेवढा तुमच्या हातात आहे. सकाळीच बॅटरी भरून घ्या आणि भर दुपारी चार्जिंग काढा. जाड रबरी कव्हरही उतरवा. सिग्नलला फोनवर हाताची सावली धरली तरी थोडा फरक पडतो. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

प्रश्न : चार वर्षांत फोन मंदावला. प्रोसेसर म्हातारा होतो का?

उत्तर : प्रोसेसर होता तसाच राहतो. अॅप जड होत जातात आणि स्टोरेज भरत जातं. आईचा फोन मंदावला म्हणून उघडून पाहिला, तर ६४ जीबीपैकी अर्धा जीबीही शिल्लक नव्हता. निम्म्याहून जास्त जागा सुप्रभातच्या फुलांनी आणि व्हिडिओंनी खाल्लेली! ती फुलं काढली आणि फोन चालता झाला. (आईचा राग दोन दिवस टिकला.) स्वस्त फोनातलं ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज यूएफएस या वेगवान प्रकारापेक्षा मुळातच संथ असतं, ते गच्च भरलं की आणखी रखडतं.

बॅटरीही तपासून घ्या. थकलेली बॅटरी अचानक बंद पडू नये म्हणून जुन्या आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे अॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं. तिथे बॅटरी बदलली की वेग परत येत असे.

प्रश्न : अँटुटूचा स्कोअर बघून फोन घ्यावा का?

उत्तर : अँटुटू हे फोनचा वेग मोजणारं अॅप, आणि त्याचा स्कोअर हा एकूण आकडा असतो. सीपीयू, जीपीयू, मेमरी, सगळ्यांची बेरीज. तगड्या जीपीयूमुळे तो फुगलेला असेल तर तुमच्या बँकेच्या अॅपला त्याचा फायदा नाही. त्यापेक्षा गीकबेंच या दुसऱ्या चाचणीच्या अॅपचा सिंगल-कोअर (एकट्या कोअरचा) आकडा पाहा. तोही आंधळेपणाने नको : मार्च २०२२ मध्ये गीकबेंचने सॅमसंगचे काही गॅलेक्सी फोन यादीतून काढले, कारण त्यांत इतर अॅपचा वेग कमी केला जात होता आणि चाचणीच्या अॅपचा नाही. दुकानात नमुन्याचा फोन हातात मिळाला तर कॅमेरा उघडा, लागोपाठ दहा फोटो काढा आणि लगेच गॅलरीत जा. तिथे अडखळला, तर खाली ठेवा.