पहिल्यांदा विमानात बसताना नेमकं कसं वाटतं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच विमानात बसणार आहात, उत्साहाने आतापासूनच झोप उडालीय, आणि मनात थोडी धाकधूकही आहे. बहुतेक जण तुम्हाला ढगांबद्दल सांगतील. मला विचाराल तर विमानप्रवासातली सगळ्यात भारी गोष्ट ढगात नाही, धावपट्टीवर आहे. आणि ती डोळ्यांच्या आधी पाठीला आणि पोटाला कळते.

आधी थोडा भ्रमनिरास होईल, त्याची तयारी ठेवा. विमान जागेवरून हललं की आपल्याला वाटतं, निघालो! प्रत्यक्षात ते बराच वेळ जमिनीवरच संथपणे वळणं घेत फिरतं आणि कधी कधी इतर विमानांच्या मागे रांगेत उभंही राहतं. या वेळात पंखाकडे लक्ष ठेवा. त्याच्या मागच्या कडेचे पत्रे घरघर आवाज करत खाली सरकलेले दिसतील. ते फ्लॅप्स. कमी वेगातही पंखाला पुरेशी उचल मिळावी म्हणून ते बाहेर काढतात. काही तुटलेलं-बिटलेलं नसतं.

रांगेत थांबलो की मला हमखास राइट बंधू आठवतात. १७ डिसेंबर १९०३ चं त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंद टिकलं आणि त्यात अंतर कापलं गेलं १२० फूट. आजच्या एअरबस ए-३२० विमानाची लांबीसुद्धा याहून थोडी जास्तच भरते. म्हणजे ते अख्खं उड्डाण तुमच्या विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंतही पोचलं नसतं.

मग विमान धावपट्टीवर येतं, इंजिनांचा आवाज चढतो आणि पाठ सीटला चिकटते. हा क्षण! गाडीत असा रेटा फार तर दोन-चार सेकंद जाणवतो. इथे तो थांबतच नाही, चांगला अर्धा मिनिटभर मागून कुणीतरी ढकलत राहिल्यासारखा. कान देऊन ऐका: धावपट्टीच्या मधोमध दिवे बसवलेले असतात, त्यांच्यावरून पुढचं चाक गेलं की ठक् ठक् आवाज येतो. आधी सावकाश, मग भराभर, मग सगळे ठोके एकमेकांत मिसळून जातात. ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास नाक वर उचललं जातं आणि सगळी थरथर एकदम बंद होते. जमीन सुटली हे खिडकीबाहेर न बघताही कळतं. माझ्या अंगावर अजूनही काटा येतो, आणि तो यायचा थांबला तर मला वाईट वाटेल.

पुढची दोन-तीन मिनिटं नवख्या माणसाला घाबरवणारी असतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पायाखाली धाडकन आवाज येईल: चाकं पोटात घेतली. त्यानंतर थोड्या वेळाने इंजिनांचा आवाज अचानक उतरतो आणि लिफ्ट खाली निघाल्यावर येतो तसा पोटात गोळा येतो. पहिल्यांदा बसलेला माणूस इथे हमखास हाताची मूठ आवळतो. खरं तर विमान तेव्हाही वरच जात असतं. उड्डाणाला लागणारी ताकद चढणीला लागत नाही, म्हणून वैमानिक ती कमी करतो. वेग वाढायचा मंदावला की आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते आणि आपण खाली चाललोय असं मेंदूला कळवते. मग विमान वळतं, एका बाजूच्या खिडकीत नुसती जमीन आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीत नुसतं आभाळ. तेही ठरल्याप्रमाणेच.

ढगांच्या वर आल्यावर काय होतं? खरं सांगू, वेग नाहीसा होतो. विमान ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने जात असतं आणि वाटतं की आपण एका जागी तरंगतोय. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जवळपास काही नसतं, मग वेग मोजायचा तरी कशाशी? पहिला अर्धा तास नजर हटत नाही, नंतर चक्क कंटाळा येऊ शकतो. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

कंटाळा आलाच तर खिडकीची काच नीट बघा. तळाशी एक इवलंसं भोक दिसेल. घाबरू नका. काचेचे थर एकाहून जास्त असतात, दाब पेलते ती सगळ्यात बाहेरची काच, आणि हे भोक मधल्या काचेला असतं. त्यामुळे दोन काचांमधला दाब केबिनशी सारखा राहतो आणि काचेवर धुकं धरत नाही. बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे कधी कधी त्या भोकाभोवती बर्फाची नाजूक नक्षी जमते. आणि सूर्य विमानाच्या दुसऱ्या बाजूला असेल, खाली ढगांचा थर असेल, तर त्यावर पडलेली विमानाची सावली शोधा. नशिबात असेल तर सावलीभोवती इंद्रधनुष्यी रंगांची गोल कडी दिसतील. माझ्या मते खिडकीच्या सीटचे पैसे तिथेच वसूल.

धक्के बसतील. पट्टा बांधलेला ठेवा, डोक्यावरचा पट्ट्याच्या खुणेचा दिवा बंद असला तरी. पंखाची टोकं वरखाली हलताना दिसतील, ती तशीच बनवलेली असतात. अजिबात न वाकणारा पंख असता तर धक्के जास्त बसले असते. धक्क्यांची फारच धास्ती असेल तर पंखाजवळची जागा घ्या आणि जमल्यास सकाळचं विमान निवडा. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर उसळते आणि त्याने खालच्या थरांत हेलकावे वाढतात.

उतरताना कानात दडे बसतात. वर असताना केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, खाली येताना तो वाढत जातो. आवंढा गिळा, जांभई द्या, गोळी चघळा. त्या वेळात झोपू नका, कारण झोपेत आपण कमी गिळतो. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. चाकं टेकली की जोराची गर्जना होते. इंजिनांची हवा पुढच्या दिशेला वळवून विमानाचा वेग मारतात, त्याचा तो आवाज. ओल्या धावपट्टीवर विमान जरा आपटल्यासारखं उतरलं तर वैमानिकाला नावं ठेवू नका. चाकांची पकड बसावी म्हणून ते मुद्दाम तसं टेकवतात.

जागेबद्दल एकच सूचना. सीट निवडताना आराखडा नीट बघा, कारण काही विमानांत एखाद्या रांगेत हवेच्या नळासाठी भिंत बंद असते आणि खिडकीच्या सीटला खिडकीच नसते. मी पंखाच्या थोडं मागे बसतो, फ्लॅप्सची सगळी हालचाल तिथून दिसते. खाली गावं, नद्या बघायच्या असतील तर पंखाच्या पुढे बसा. आणि मधली सीट आली तरी हिरमुसू नका. धावपट्टीवर वेग धरला की डोळे मिटून ते ठोके ऐका, पाठीला रेटा तेवढाच लागतो.