मामांच्या कपाटातला टर्बो पास्कल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांचं घर आवरताना टर्बो पास्कल ३.० चं (म्हणजे पास्कल या भाषेत प्रोग्राम लिहून चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरचं) पुस्तक आणि त्यात खोचलेली सव्वापाच इंची फ्लॉपी सापडली. त्या काळात लोक हे कुठून आणि कसं विकत घ्यायचे, त्याचं एवढं कौतुक का, आणि आज ते चालवता येईल का?

चालवता येईल, आणि तेही फुकट. फ्लॉपीची फार काळजी करू नका, पुस्तक मात्र रद्दीत घालू नका. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

१९८३ च्या आधी पीसीवर पास्कल लिहिणं म्हणजे फ्लॉप्यांची कसरत होती. एका फ्लॉपीवर एडिटर. त्यात प्रोग्राम टाइप करून सेव्ह करायचा आणि बाहेर यायचं. मग कंपायलरची, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची, फ्लॉपी. मायक्रोसॉफ्टच्या पास्कलमध्ये पास-१ आणि पास-२ असे दोन वेगळे प्रोग्राम एकामागून एक चालवायचे, मग तुकडे जोडणारा लिंकर, आणि हे सगळं झाल्यावर कळायचं की चौथ्या ओळीत अर्धविराम राहिलाय. की पुन्हा एडिटरची फ्लॉपी. शिवाय किंमत शेकड्यांनी डॉलर. घरी हौसेने शिकणाऱ्या माणसासाठी ती वस्तू नव्हतीच.

अँडर्स हाइल्सबर्ग नावाच्या डॅनिश तरुणाने नॅसकॉम या किटवरून जोडायच्या कॉम्प्युटरसाठी एक छोटा, वेगवान पास्कल कंपायलर असेंब्लीत लिहिला होता. तोच वाढवत नेलेला कंपायलर कॅलिफोर्नियातल्या स्कॉट्स व्हॅलीच्या बोरलँड या कंपनीने घेतला, त्याला एडिटर जोडला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये 'बाइट' मासिकात जाहिरात दिली: ४९.९५ डॉलर, टपालाने घरपोच. बोरलँडचे फिलिप कान यांनी स्वतः सांगितलेला किस्सा असा की जाहिरातीला पैसे नव्हते. मासिकाचा माणूस येणार म्हणून ऑफिसात उसनी गर्दी जमवली, फोन खणखणत ठेवले, आणि त्याच्या नजरेला पडेल असा एक तक्ता ठेवला ज्यात 'बाइट'चं नाव खोडलेलं होतं. तुमच्या मासिकात जाहिरात द्यायची आमची तशी गरज नाही, असा आव. त्याने उधारीवर जाहिरात छापली. किस्सा कितपत रंगवलाय ते कानच जाणोत, पण ऑर्डरी आल्या हे खरं.

आता आपल्याकडची गोष्ट. १९८५-८६ च्या सुमारास डॉलर बारा-साडेबारा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ४९.९५ डॉलरचे हिशेबाने सहाशे रुपये. पण तो डॉलर आणायचा कुठून? परकीय चलनावर कडक निर्बंध, आणि साध्या नोकरदाराकडे परदेशात चालेल असं क्रेडिट कार्ड कुठलं असायला. म्हणून अस्सल प्रत बहुधा अमेरिकेहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायची. तुमच्या मामांच्या पुस्तकाची बांधणी छापील असेल, तर तीही अशीच आली असण्याची शक्यता बरीच. बाकी आम्ही सगळे नकलांवर जगलो. मी १९८७ साली एका दुकानदाराला 'ओरिजिनल' म्हणून अडीचशे रुपये मोजले. घरी येऊन खोका उघडला तर आत स्पायरल केलेलं झेरॉक्स पुस्तक, त्यातही मधली आठ-दहा पानं उलटी लावलेली. बोरलँडच्या फ्लॉपीला कॉपी-प्रोटेक्शन नव्हतं. त्यांचा परवानाच साध्या भाषेत सांगायचा की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा: कुणीही वाचा, कुठल्याही मशीनवर न्या, पण एका वेळी एकाच ठिकाणी. इतक्या सभ्य परवान्याचं आम्ही काय केलं ते विचारू नका.

पण खरी गंमत वापरण्यात होती. आमचं मशीन म्हणजे आयबीएमच्या पीसी-एक्सटीची नक्कल, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, हार्ड डिस्क नाही. ए ड्राइव्हला डॉस आणि टर्बो, बी ला स्वतःच्या फायली. ३.०२ आवृत्तीची टर्बो डॉट कॉम ही फाइल ३९,७३१ बाइटची आहे. एडिटर, कंपायलर, तयार रूटिन्स, सगळं त्यात. तुमच्या मोबाइलने काढलेला एक फोटो याच्या पन्नासपट तरी भरेल.

सुरू केलं की पहिलाच प्रश्न यायचा: इन्क्लूड एरर मेसेजेस, यस की नो? नवखा माणूस इथे अडखळतो. 'नो' म्हटलं तर दीड केबीच्या आसपास मेमरी वाचायची, पण मग चूक झाली की नुसता आकडा दिसायचा आणि पुस्तक उघडून अर्थ बघावा लागायचा. 'यस' म्हणा. मग मेन्यू. ई दाबलं की एडिटर, कळा त्या काळच्या वर्डस्टार या लेखनाच्या सॉफ्टवेअरच्या: कंट्रोल-के-बी ने ब्लॉकची सुरुवात, कंट्रोल-के-के ने शेवट, कंट्रोल-के-सी ने नक्कल, कंट्रोल-के-डी ने बाहेर. मग मेन्यूत आर, म्हणजे रन. कंपाइल होऊन प्रोग्राम तिथल्या तिथे, मेमरीतच, चालायचा. चूक असेल तर 'एरर १, सेमीकोलन अपेक्षित' असं सांगून एस्केप दाबायला लावायचं आणि कर्सर थेट चुकीच्या जागी आणून ठेवायचं. थेट म्हणजे बहुधा पुढच्या ओळीवर, कारण अर्धविराम राहिलाय हे कंपायलरला पुढचा शब्द वाचल्यावरच कळतं. म्हणून दाखवलेल्या जागेच्या एक ओळ वर बघायची सवय लागली, ती मला आजही आहे.

हे संदेश टर्बो डॉट एमएसजी नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात आणि ते बदलायची मुभा पुस्तकानेच दिली आहे. आम्ही रोमन लिपीत मराठी संदेश भरले होते. अर्धविराम राहिला की पडद्यावर यायचं, 'अर्धविराम कोण देणार, तुझा काका?' साहेबांनी एकदा बघितलं आणि आमची हजामत झाली.

तुम्ही हे चालवून बघणार असाल तर तीन ठिकाणी ठेच लागेल. एक, प्रोग्राम चालला म्हणजे डिस्कवर त्याची कॉम फाइल (टर्बोशिवाय स्वतंत्र चालणारी) तयार झाली असं नाही. ओ दाबून पर्यायांत जा, सी निवडा, मग कंपाइल करा. दोन, आर दाबण्याआधी एस दाबून सेव्ह करा. आत काही छापत नसलेला, न संपणारा लूप लागला तर कंट्रोल-सी ला दाद मिळत नाही, मशीन रीसेट करावं लागतं, आणि न सेव्ह केलेलं सगळं जातं. माझा एका दुपारचा पूर्ण पगारपत्रकाचा प्रोग्राम असा गेलाय. तीन, इंटिजर, म्हणजे पूर्णांक, १६ बिटी. ३२,७६७ मध्ये एक मिळवलात तर मुकाट्याने उणे ३२,७६८ येतं, चूक म्हणून दाखवत नाही. पैशाच्या हिशेबासाठी ३.० ची वेगळी बीसीडी (दशमान अंकांतच आकडेमोड करणारी) आवृत्ती होती. साध्या रिअलमध्ये, म्हणजे दशांश संख्यांच्या नेहमीच्या प्रकारात, पैसे-पैसे मिळवत गेलं की बेरीज कुठेतरी फसायचीच.

आता फ्लॉपी. उजेडात धरा आणि मधल्या खाचेतून दिसणारी तबकडी हलक्या हाताने फिरवून बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळ्यात कपाटातली एकही फ्लॉपी तिच्यातून सुटत नाही. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं हेड खराब होईल आणि तबकडीवर ओरखडे उठतील ते वेगळेच. स्वच्छ असेल तर कडेच्या चौकोनी खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकून लिहिलं जाणार नाही. वाचायला जुनी सव्वापाचची ड्राइव्ह आणि ती आजच्या कॉम्प्युटरला जोडणारं ग्रीसवीझलसारखं कार्ड लागेल. हा खटाटोप मामांच्या स्वतःच्या फायलींसाठी करा, टर्बोसाठी नको. टर्बो पास्कल १.०, ३.०२ आणि ५.५ या आवृत्त्या मालकांनीच पुढे जुनी ठेव म्हणून मोफत खुल्या केल्या. ३.०२ उतरवा आणि डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या डॉसचं सोंग घेणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, चालवा.

डॉसबॉक्समधली एक मेख. त्यात कंट्रोल-एफ-९ म्हणजे डॉसबॉक्सच बंद. ३.०२ ला फरक पडत नाही, त्याच्या कळा वेगळ्या. पण ५.५ मध्ये, आणि कॉलेजात तुम्ही वापरलेल्या टर्बो सी++ मध्येही, कंट्रोल-एफ-९ म्हणजे 'रन'. पोरं प्रोग्राम चालवायला जातात आणि खिडकीच गायब होते. डॉसबॉक्समधली कळ बदला किंवा मेन्यूतून रन करा.

आवृत्ती कुठली, तर चाळायला ३.०२ आणि थोडं मन लावून शिकायला ५.५, कारण त्यात डिबगर (चुका शोधायचं साधन) आहे आणि ऑब्जेक्टही (डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधायची सोय) आलेत. ७.० कुणी दिली तर एवढं ध्यानात ठेवा की सीआरटी युनिट (पडदा आणि कळफलक हाताळणारा तयार भाग) वापरणारा तिचा प्रोग्राम वेगवान मशीनवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन मरतो. ते युनिट सुरुवातीला घड्याळाच्या ५५ मिलिसेकंदांच्या एका टिकटिकीत किती फेऱ्या होतात ते मोजतं आणि त्याला ५५ ने भागतं. पेंटियम-२ च्या वेगाला भागाकार १६ बिटांत मावेना. आमच्या एका गिऱ्हाइकाने हौसेने नवीन मशीन घेतलं आणि पगाराच्या दिवशी पगारपत्रक उघडेना. फोनवरच्या त्याच्या शिव्या मी अजून विसरलेलो नाही. नवीन काही लिहायचं असेल तर सरळ फ्री पास्कल घ्या, ते आजच्या विंडोज आणि लिनक्सवर थेट चालतं आणि त्याचा निळा पडदा बघून मामांना ओळख पटेल.

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं आहे का ते आधी बघा. आम्ही सगळे तिथेच एरर नंबर आणि अर्धवट प्रोग्राम लिहून ठेवायचो. असेल तर त्या पानांचे फोटो टाका, काय करायचा प्रयत्न होता ते बघून सांगतो.